सोंगाचं सोंग: घरात तडेवाली जुनी चिनी फुलदाणी सापडली तर ती कशी बघायची

२०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी कोल्हापुरात शाहूपुरीतल्या आत्याच्या घरात शिरलं आणि तळमजल्यावर चार दिवस मुक्कामाला राहिलं. ओसरल्यावर गाळ उपसायला आम्ही सगळी भावंडं गेलो, तेव्हा जिन्याखालच्या अडगळीत ती फुलदाणी सापडली. दोनेक फूट उंच, राखाडी-पांढरी झिलई (म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा थर), अंगभर तडे, खांद्यावर आणि पोटाखाली तपकिरी पट्टे, मानेला सिंहाच्या तोंडाचे दोन कान आणि मधे निळ्या रंगात घोड्यावरचे योद्धे. आजोबांनी कधीतरी मुंबईहून आणलेली, आत्या त्यात छत्र्या ठेवायची. शेजारचे तात्या गाळ तुडवत आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "पोरांनो, ही मिंग हाय, मिंग. तडं बघा की कसं काळं पडल्यात, चारपाचशे वर्सं झाल्याबिगर असं व्हत न्हाई." मिंग म्हणजे चीनचं जुनं राजघराणं, त्या काळातली. झालं, फावडी राहिली बाजूला आणि आम्ही वाटण्या करायला लागलो.

आत्यानं मग आतेबहिणीच्या लग्नाचा अल्बम काढला, तो माळ्यावर होता म्हणून वाचला होता. एका फोटोत नवरानवरीच्या मागं हीच फुलदाणी उभी, आणि तडे अगदी फिक्कट, पातळ चहाच्या रंगाचे. म्हणजे ते काळे पडले पुराच्या गाळानं. तात्यांची पाचशे वर्षं पंचगंगेनं चार दिवसांत उरकली होती.

तेव्हापासून मला हा नाद लागला तो लागलाच. पुस्तकं, म्युझियमच्या साइट्स, मिळेल तिथं हातात घेऊन बघणं, असं करत जे कळलं ते इथं लिहितोय, कारण आपल्याकडच्या जुन्या घरांतून अशा बरण्या-फुलदाण्या निघत असतात आणि दर वेळी घरात दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते करोडोंची आहे आणि दुसरी म्हणते डुप्लिकेट आहे टाकून द्या. दोघंही चुकीचा प्रश्न विचारतात. असली की नकली हे विचारून चिनी भांड्यात काही हाती लागत नाही, कारण जुन्याची नक्कल करणं ही तिकडं शेकडो वर्षांची राजमान्य रीत आहे आणि काही नकलाच आज अस्सलच्या भावात विकल्या जातात. विचारायचं असं, की ही नक्कल कशाची, केली कुठं, आणि केली कधी.

थोडं मागचं सांगतो, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. चीनमध्ये ९६० ते १२७९ सोंग घराण्याचं राज्य होतं (नाव खरंच सोंग आहे, मी काय करू). त्या काळातल्या पाच भट्ट्यांची नावं तिकडचे लोक आपण गाण्यातली घराणी घेतो तशी कानाला हात लावून घेतात: रू, ग्वान, ग, ज्युन आणि डिंग. यातलं डिंग पांढरं पोर्सिलेन, बाकीची स्टोनवेअर. रू ची निळसर-हिरवट भांडी तर जगात शंभरसुद्धा शिल्लक नाहीत, त्यातली एक तळहाताएवढी ब्रश धुवायची थाळी २०१७ मध्ये हाँगकाँगच्या लिलावात २९ कोटी ४३ लाख हाँगकाँग डॉलरला गेली. 'ग' म्हणजे चिनीत थोरला भाऊ, दंतकथा अशी की दोन भाऊ कुंभार होते आणि थोरल्याच्या भट्टीतली भांडी तडकलेली निघायची, ती 'ग' भांडी. आपल्या भाषेत सांगायचं तर भावाची भांडी.

आता स्टोनवेअर म्हणजे काय, तर लोणच्याची बरणी. खरंच, आजीच्या बरणीसारखंच प्रकरण आहे. आपण कपबशीपासून बरणीपर्यंत सगळ्याला चिनी माती म्हणतो, पण साधं मडकं हजारच्या आत भाजलेलं असतं आणि पाणी झिरपवतं, स्टोनवेअर १२०० डिग्रीच्या पुढं भाजतात आणि ते दगडासारखं घट्ट होतं, म्हणून मीठ-तेल बाहेर येत नाही. पोर्सिलेन त्याच्याही पुढचं, पांढरं आणि पातळ असेल तर उजेड आरपार जाणारं. गंमत म्हणजे चिनी लोक स्वतः स्टोनवेअर आणि पोर्सिलेन असा भेद करतच नाहीत, त्यांच्याकडं दोन्हीला एकच शब्द, तो भेद युरोपियनांनी पाडला. पण ओळखायच्या कामाला आपल्याला तो उपयोगी आहे.

सोंग गेले आणि सोंगांची सोंगं सुरू झाली. यात चोरीछुपे काही नव्हतं, खुद्द बादशहाच करून घ्यायचा. योंगझेंग बादशहाच्या काळात (१७२३ ते १७३५) जिंगदेझेन गावातल्या शाही भट्टीवर तांग यिंग नावाचा अधिकारी १७२८ मध्ये आला, आणि त्यानं १७३५ मध्ये तिथं बनणाऱ्या मालाची पन्नासाहून जास्त प्रकारांची यादी केली, त्यात रू ची नक्कल, ग्वानची नक्कल, ग ची नक्कल, ज्युनची नक्कल असं उघड लिहिलंय. ज्युनची झिलई शिकायला तर १७२९ मध्ये माणूस मुद्दाम हनान प्रांतात पाठवला होता. आणि त्या नकलांच्या बुडाला बऱ्याचदा योंगझेंगचा स्वतःचा शिक्का असतो, म्हणजे नक्कल आहे पण फसवणूक नाही. आमच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, एक ग्रॅमचा साज एक ग्रॅमचा म्हणून विकला तर कोण भांडायला जातंय?

आता प्रत्यक्ष बघायचं कसं.

पहिली गोष्ट, धुवू नका. माझ्या आतेभावानं उत्साहात फुलदाणी गरम पाण्यात साबण घालून टबात ठेवली आणि तासाभरानं बाहेर काढली तर एका बाजूला तड्यांच्या कडेनं पिवळट डाग पसरलेले, ते अजून आहेत. तड्यातून घाण पाणी आत मातीपर्यंत जातं आणि परत काढता येत नाही. ओलसर मऊ फडक्यानं वरवर पुसा, बास. मग जमिनीवर घोंगडं किंवा जुनी गोधडी अंथरा, अंगठ्या आणि घड्याळ काढा, आणि भांडं दोन्ही हातांनी, एक हात बुडाखाली एक पोटाला, असं उचला. कानाला धरून कधी उचलू नका, कान आणि मान वेगळे करून चिकटवलेले असतात आणि पहिल्यांदा तेच हातात येतात.

आता आडवं करून बूड बघा. सगळे लोक पुढून बघतात, चित्र बघतात, आणि तिथंच फसतात, निम्म्याच्या वर माहिती बुडाला असते. बुडाची जी कडा जमिनीला टेकते तिथं झिलई नसते, कारण झिलई वितळून भांडं भट्टीला चिकटलं असतं, त्यामुळं तिथं उघडी माती दिसते. ग्वान आणि ग भांड्यांची माती लोखंडाचं प्रमाण जास्त असलेली, काळपट. काठावर झिलई ओघळून पातळ होते तिथून ती काळी माती जांभळट-तपकिरी दिसते, आणि बूड उघडं असल्यानं लोखंडासारखं. चिनी लोक याला 'जांभळं तोंड, लोखंडी पाय' म्हणतात आणि हीच या घराण्याची मोठी खूण.

आणि नकलेची मेख इथंच आहे. जिंगदेझेनची माती पांढरी. तिला लोखंडी पाय कुठनं आणायचा? मग ते कुंभार काय करायचे, बुडाच्या कडेला आणि काठाला लोखंडाचा तपकिरी लेप ब्रशनं फासायचे. त्यामुळं भिंग घेऊन (गुजरीत सराफ वापरतात तसलं दहा पटीचं, किंवा मोबाईलचा मॅक्रो चालतो) त्या कडेवर डोळा लावा. काळेपणा मातीत मुरलेला आहे का वर लावलेला आहे? लावलेला असेल तर कुठं ब्रशचा फराटा दिसतो, कुठं लेप जाड साचलेला, आणि कुठं टवका उडाला असेल तर आतून पांढरं डोकावतं. टवका नसेल तर नखानं किंवा चाकूनं मुद्दाम काढू नका, हात जोडून सांगतो. आत्याच्या फुलदाणीचा एक जुना टवका होता, आत स्वच्छ पांढरट माती, वर तपकिरी लेप. मिंगवाल्यांचा निम्मा आवाज तिथंच बसला.

मग अंधाऱ्या खोलीत आतून मोबाईलचा टॉर्च लावा. काठाच्या पातळ भागातून उजेड आला तर पोर्सिलेन, नाही आला तर स्टोनवेअर किंवा जाड भांडं. याच्यावर एकट्यावर भरवसा ठेवू नका पण बुडाच्या रंगाबरोबर ताडून बघा.

टिचकी मारून बघायचं असेल तर मारा पण त्याचा काही उपयोग नाही. आपल्याला सवय असते, बापट कॅम्पात माठ घेताना टिचकी मारायची, टणटण वाजला की घ्यायचा, बद्द वाजला की परत ठेवायचा. तडेवाल्या झिलईचं भांडं चांगलं असलं तरी बद्दच वाजतं, कारण अंगभर हजारो तडे आवाज खाऊन टाकतात. एका ओळखीच्या काकूंनी याच कारणानं एक चांगली वाटी फुटकी समजून भंगारवाल्याला दिली होती.

आता तडे, म्हणजे ज्याच्यावर सगळे भाळतात ते. तडे वयानं पडत नाहीत हे आधी डोक्यात पक्कं करा. भट्टीतून थंड होताना झिलई आणि आतली माती दोन्ही आकसतात, झिलई मातीपेक्षा जास्त आकसली की ती ताणली जाते आणि फाटते, उन्हाळ्यात काळं रान भेगाळतं तसं. पहिले मोठे तडे भट्टीतून काढल्या काढल्या पडतात, बारीक तडे पुढं दिवसेंदिवस, कधी महिनोन्‌महिने टिंग टिंग आवाज करत पडत राहतात. सुरुवातीला अपघातानं झालं असेल, पण नंतर झिलईचं मिश्रण असं जुळवायचे की तडे पडलेच पाहिजेत. मग मोठ्या तड्यात शाई किंवा तसला काळा रंग मुरवला की काळं मोठं जाळं दिसतं, आणि उशिरा पडलेल्या बारीक तड्यात पिवळट छटा. याचं चिनी नाव 'सोन्याचा धागा, लोखंडी तार'. ग भांड्यांची ही खूण, आणि अर्थातच नकलाकारांनी सगळ्यात आधी उचलली ती हीच. म्हणून नुसते काळे तडे बघून काळ ठरवायचा म्हणजे केस काळे बघून वय ठरवण्यासारखं आहे.

तरी तड्यांत एक गोष्ट बघण्यासारखी आहे. वापरानं मुरलेला रंग कधी सारखा नसतो, जिथं हात लागतो, जिथं पाणी साचतं, जिथं चहा सांडतो तिथं जास्त आणि कानामागं कमी. सगळ्या अंगावर, आतल्या कोपऱ्यातसुद्धा, एकसारखा तपकिरी रंग असेल तर तो कुणीतरी बुडवून दिलेला आहे, चहात म्हणा, शाईत म्हणा, किंवा लाल औषधात म्हणजे पोटॅशियम परमँगनेटमध्ये. किंवा मग पंचगंगेत. हल्लीचे लोक तर ॲसिडनं झिलईची चमक मारतात, भिंगातून बघितलं की पृष्ठभाग बारीक खड्ड्याखड्ड्यांचा आणि मेलेला दिसतो. सँडपेपर मारला असेल तर ओरखडे सगळे एकाच दिशेनं जातात, आणि खऱ्या वापराचे ओरखडे गंगावेशीतल्या ट्रॅफिकसारखे, वाटेल तिकडं.

आता शिक्का. बुडाला किंवा तपकिरी चौकटीत चार किंवा सहा चिनी अक्षरं असतात, ती उजवीकडून, वरून खाली वाचायची. फोटो काढून फोनमध्ये शोधलं की राजाचं नाव सापडतं. पण सापडलं म्हणून उड्या मारू नका. गुजरीत सोनं घेऊन गेलात तर सराफ नुसत्या शिक्क्यावर जात नाही, कसोटीवर घासून बघतो, तसंच इथं आधी बूड, माती, झिलई, आणि शिक्का सगळ्यात शेवटी. आत्याच्या फुलदाणीला तपकिरी चौकटीत चेंगह्वाची चार अक्षरं कोरलेली होती. चेंगह्वा हा मिंग बादशहा, १४६५ ते १४८७. तात्या बरोबर होते म्हणायचं की काय? नाही. असा तपकिरी चौकोनातला चेंगह्वा, राखाडी तडे, तपकिरी पट्टे, सिंहाचे कान आणि योद्ध्यांचं चित्र, हा पूर्ण सेट एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला परदेशी गिऱ्हाइकासाठी ढिगानं बनत होता. इंग्रज लोक त्याला नानकिंग म्हणायचे. जुन्या चांगल्या राजाचं नाव मानानं लिहायची पद्धत तिकडं होतीच, पुढं त्याचा धंदा झाला.

साधा हिशोब लक्षात ठेवा: सोंग काळातल्या भांड्यावर राजाचा असा शिक्का नसतो. मला एकदा एका दुकानात (गाव सांगत नाही) एक वाटी 'सोंगकालीन' म्हणून दाखवली आणि बुडाला शिक्का च्येनलोंगचा, म्हणजे अठराव्या शतकातल्या राजाचा. संभाजी महाराजांच्या चित्रात मनगटावर घड्याळ दिसावं तसं. आणि बुडाला इंग्रजीत चायना असं छापलं असेल तर तो माल बहुतेक १८९१ च्या नंतरचा, कारण अमेरिकेनं १८९० च्या कायद्यानं बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं.

आता ज्युनबद्दल, कारण निळी-जांभळी ओघळलेली झिलई असलेलं भांडं सापडलं तर वरचं बरंचसं लागू होत नाही. ज्युनचा तो दुधाळ निळा रंग म्हणजे निळं द्रव्य नाही. झिलई थंड होताना तिच्या आत दोन प्रकारच्या काचा वेगळ्या होतात, एकीचे अतिसूक्ष्म थेंब दुसरीत तरंगतात, आणि त्यावर उजेड विखुरतो, आकाश निळं दिसतं त्याच तत्त्वानं. जांभळे-लाल डाग तांब्याचे, भट्टीत हवा कमी ठेवली की तांबं लाल होतं. जाड झिलईत कधी गांडूळ सरपटल्यासारखे बारीक माग दिसतात, चिनी लोक त्यांना गांडुळाचे मागच म्हणतात आणि त्यावर खूश होतात. ही झिलई जड आणि ओघळती, त्यामुळं काठावर पातळ होऊन फिक्कट-तपकिरी पडते आणि खाली बुडाच्या जरा वर गोळा होऊन जाड वळी बनते.

याच्या नकला तीन ठिकाणच्या जास्त दिसतात. दक्षिणेला फोशानजवळ शीवान, तिथलं भांडं जाडजूड, माती राखाडी ते तपकिरी, आणि हे कुंभार माणसांचे-प्राण्यांचे पुतळे करण्यात वस्ताद. दुसरं यीशिंग, जिथल्या लालसर-जांभळट मातीच्या चहाच्या किटल्या प्रसिद्ध आहेत, तिथं मिंग काळाच्या शेवटापासून त्याच मातीवर ज्युनसारखी झिलई चढवायचे, म्हणून बुडाला लालसर-तपकिरी माती दिसली तर यीशिंगकडं बोट जातं. तिसरं जिंगदेझेन, माती पांढरी, आणि झिलई निळ्या-फिरोजी ठिपक्यांची किंवा भडक लाल ओघळांची. मला विचाराल तर शीवान सगळ्यात भारी. त्यांनी सुरुवात नकलेनं केली आणि पुढं स्वतःचंच काहीतरी रांगडं उभं केलं, आपल्या तांबड्या रश्श्यासारखं, उगमाची चौकशी कुणी करत बसत नाही. आणि अस्सल ज्युनमधल्या, बुडाला एक ते दहा आकडे कोरलेल्या (एक सगळ्यात मोठी) ज्या प्रसिद्ध कुंड्या आहेत, त्या सोंग काळातल्या नसून पंधराव्या शतकातल्या, मिंगच्या सुरुवातीच्या आहेत असं आता बरेच अभ्यासक मानतात. अस्सलचंच वय असं सरकतं तिथं आपण नकलेला काय बोलायचं.

डोळा तयार करायला अस्सल बघण्याला पर्याय नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातली चिनी भांडी आहेत, हैदराबादला सालारजंगमध्ये आहेत, जायचं झालं तर बुडापेक्षा काठ नीट बघून घ्या कारण काचेतून बूड दिसत नाही. बुडासाठी लंडनच्या ब्रिटिश म्युझियमची साइट, तिथल्या ९५ नंबरच्या दालनात पर्सिव्हल डेव्हिडचा संग्रह आहे, सतराशेच्या आसपास नग, २०२४ मध्ये तो म्युझियमला कायमचा द्यायचं जाहीर झालं. रू, ग्वान, ग आणि त्यांच्या योंगझेंगकालीन नकला सगळं एकाच संग्रहात आहे. रात्री जेवण झाल्यावर अस्सल आणि नक्कल शेजारी शेजारी उघडून बसायचं, दोन महिन्यांत डोळा तयार होतो.

विकायचं डोक्यात असेल तर दोन गोष्टी. शंभर वर्षांपेक्षा जुनं असेल तर ते १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं आणि ते कुरिअरनं परदेशी पाठवणं गुन्हा आहे, कुणी व्हॉट्सॲपवर परदेशी पार्टी आहे म्हणाला तर फोन ठेवा. आणि भाव विचारायला जाताना काय आहे ते न सांगता जा, बूड, काठ, आतली बाजू, शिक्का आणि टवके यांचे दिवसाच्या उजेडातले फोटो घेऊन. टवका लपवू नका, तो तुमचा सगळ्यात प्रामाणिक साक्षीदार आहे.

आत्याची फुलदाणी म्हणजे शेवटी ठरलं ते असं: सोंगांच्या ग भांड्याची नक्कल, शिक्का मिंगांचा, चित्र गिऱ्हाइकाच्या आवडीचं, आणि भाजली चीनच्या शेवटच्या राजघराण्याचं, चिंगांचं, राज्य बुडायच्या बेतात असताना. सोंगाचं सोंग. किंमत छत्रीच्या स्टँडपेक्षा जास्त आणि फ्लॅटच्या बुकिंगपेक्षा लई लई कमी. तात्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "आसंल. पर माझी नजर चुकत न्हाई."

आता ती हॉलमध्ये कपाटावर आहे, भिंतीपासून चार बोटं लांब, बुडाखाली फेल्टचा तुकडा. पाणी घालायचं नाही, फुलं ठेवायचीच तर आत स्टीलचा उंच ग्लास ठेवून त्यात, नाहीतर तड्यातून पाणी मुरतं. आत्यानं मोरपिसं खोचलीत. छत्र्यांसाठी प्लास्टिकची बादली आणलीय. आणि पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी टीव्हीवर दाखवायला लागले की गॅस सिलिंडरच्याही आधी फुलदाणी माळ्यावर जाते, घोंगड्यात गुंडाळून, अल्बमच्या शेजारी.